पीट काढणं थांबलं. आता आयर्लंडच्या मिडलंड्समध्ये बांधायचं ते कुणासाठी?

ओलमाती:
आयर्लंडच्या मधल्या पट्ट्यात, ऑफली, लाँगफर्ड, किल्डेअर वगैरे भागांत, बोर्द ना मोना ही सरकारी कंपनी 1946 पासून यंत्रांनी पीट काढत आली. अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा हा ओला थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. तोच वाळवून जाळायचा आणि वीज करायची. डिसेंबर 2020 मध्ये शॅननब्रिज आणि लेन्सबरोची वीजकेंद्रं बंद पडली आणि जानेवारी 2021 मध्ये कंपनीने पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं. आता सुमारे 33,000 हेक्टर जमिनीवर पुनरुज्जीवनाची योजना चालू आहे.

या सगळ्यात माणसं कुठे आहेत? 1950 च्या दशकात याच कंपनीने फ्रँक गिबनी या वास्तुरचनाकाराकडून कामगारांच्या वसाहती आखून घेतल्या होत्या. किलकॉरमॅक, रोचफर्टब्रिज इथं मधे मोकळी हिरवळ आणि भोवती घरं आहेत. उद्योग जमीन ओरबाडत होता हे खरंच, पण कामगार नीट राहावा याचा विचार कुणीतरी केला होता. आता उद्योग गेला, तेव्हा तो विचार दुप्पट व्हायला हवा. बंद कार्यशाळा पाडू नका. तिथं गावाची दालनं करा, ओल्या जमिनीत वाढणाऱ्या बोरूपासून छपराचं आणि भिंतींचं साहित्य बनवायचे कारखाने काढा. आणि आराखडा ठरवताना ज्यांनी ती यंत्रं चालवली त्यांना टेबलाशी बसवा. पाणी काढून टाकायला खणलेला कुठला चर कुठे उतरतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

पाणीपातळी:
ओलमाती, तुमची तळमळ समजते, पण मी ठाम विरोधात आहे. पीटभूमीला इमारत नको, पाणी हवं. न उपसलेल्या पीटमध्ये वजनाने नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते काढलं की हवा आत शिरते, थर कुजतो, खचतो आणि साठलेला कार्बन वर जातो. इंग्लंडमधल्या होम फेन या पाणी काढलेल्या पीटभूमीत 1851 मध्ये जमिनीत रोवलेला लोखंडी खांब आज सुमारे चार मीटर उघडा आहे. खांब जागचा हलला नाही, जमीन खाली गेली.

लाँगफर्डमधली कॉर्लीची वाट घ्या. इ.स.पू. 148 मध्ये तोडलेल्या ओकच्या जाड फळ्या टाकून ती केली, आणि स्वतःच्याच भाराने दहाएक वर्षांत ती दलदलीत गेली. गॉलवेतल्या डेरीब्रायनला ऑक्टोबर 2003 मध्ये पवनचक्क्यांचं बांधकाम चालू असताना डोंगरउतारावरचं पीट घसरलं. अजून किती पुरावा हवा? पैसा ते चर बुजवून पाणी परत साठवायला जाऊ द्या.

ओलमाती:
डेरीब्रायनला पर्यावरण परिणामांचं मूल्यमापन नीट झालंच नव्हतं. त्यावरून युरोपीय न्यायालयाने 2019 मध्ये आयर्लंडला 50 लाख युरो दंड केला. हा लोकांना धरून केलेल्या वास्तुरचनेचा दोष कसा? आणि मी दलदलीच्या मधोमध काही बांधा म्हटलेलंच नाही. उभ्या असलेल्या शेड वापरा म्हणतेय, काठावरच्या.

उंबरठा:
तुम्ही दोघंही घराबाहेरच बोलताय. मिडलंड्समध्ये आजही पुष्कळ घरांत स्वयंपाकघरातली एकच शेगडी पीट जाळून जेवण, गरम पाणी आणि खोल्यांची ऊब देते. 2022 च्या नियमांनी दुकानातली आणि ऑनलाइन विक्री बंद केली, पण ज्यांचा पीट कापायचा वहिवाटीचा हक्क आहे त्यांना घरापुरतं कापता येतं. अशा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘चर बुजवा’ म्हणजे ‘थंडीत बसा’ असंच ऐकू येणार, आणि त्यात त्यांची चूक नाही.

माझ्या मते खरी वास्तुरचना इथं लागते. भिंतींना उष्णतारोधक थर, फटी बंद करणं, दुसरी ऊब, आणि शेगडीभोवती बसायची जागा मोडायची नाही. यात दिमाखदार छायाचित्र काढण्यासारखं काही नसतं, म्हणून स्पर्धा होत नाहीत आणि बक्षिसंही नाहीत. याचा मला फार राग येतो. शिवाय पीट कापणं म्हणजे नुसतं इंधन नव्हे. तुकडे उभे करून वाळवायला सगळं घर, शेजारीपाजारी रानात जमायचे. ते जमणं गेलं तर त्या जमिनीशी असलेलं नातंच तुटेल.

पाणीपातळी:
घरांचं म्हणणं पटलं. तो खर्च आधी व्हावा, हे मी मान्य करतो. जमण्याचं म्हणाल तर लीशमधलं ॲबीलिक्स बघा. 2000 मध्ये गावकऱ्यांनीच तिथलं पीट काढणं अडवलं, पुढे चर बुजवले गेले, आणि आज गावच ती दलदल सांभाळतं. बांधकाम काय, तर फिरायला जमिनीपासून उंच केलेली एक पायवाट. एवढंच पुरतं. क्रम मात्र तोच राहिला पाहिजे: आधी पाणी, मग माणसांची सोय.

ओलमाती:
ॲबीलिक्सला आधी माणसंच उभी राहिली, पाणी मागाहून आलं! चर अडवायला बांध किती उंच घालायचा यावर शेजारच्या शेतात किती ओल चढणार हे ठरतं. तो निर्णय गावाला वगळून घेतलात, तर पुढच्या हिवाळ्यात कुणीतरी रात्री बांध फोडेल. त्यामुळे तुमचा क्रम मला मान्य नाही.