जूनअखेरीस ओरलँडो, सोबत आई-बाबा आणि मुलं: उन्हाचं कसं करावं?

रविवार रात्र, अटलांटा

नमस्कार मंडळी,

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा जण गाडीने ओरलँडोला निघतोय. आई-बाबा मे महिन्यात नागपूरहून आलेत. बाबा ७२ वर्षांचे, आई ६८. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चारची. डिस्नेची तीन दिवसांची तिकिटं काढून झाली आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट आणि ॲनिमल किंगडम. मुलांच्या सुट्ट्या आणि आमच्या रजा यांत हाच आठवडा बसतो, त्यामुळे "हिवाळ्यात जा" हा सल्ला मला उपयोगाचा नाही.

बाबांना रक्तदाबाची गोळी आहे. उन्हाचा विषय काढला की म्हणतात, "मी सेहेचाळीस अंशांत सीताबर्डीला सायकलने गेलोय, तुमच्या तेहेतिसाचं काय घेऊन बसलीस!" आई काहीच बोलत नाही, आणि मला तिचीच काळजी जास्त वाटते. उन्हाळ्यात वडीलधाऱ्यांना घेऊन कोणी गेलं असेल तर दिवस कसा आखला ते कृपया सविस्तर लिहा.

सोमवार सकाळ, ओरलँडो

ताई,

एकोणीस वर्षं इथे राहतोय. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी पाहुणे येतात आणि त्यांच्याबरोबर माझीही पार्कांची वारी होते. मी मूळचा अकोल्याचा, म्हणून हा पहिला भाग बाबांना वाचून दाखवा.

काका, तुमच्या घरी कूलर असेलच. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडलं की खोली कशी गार होते ते मी तुम्हाला काय सांगणार. तोच कूलर मुंबईला नेऊन लावा, खोली गार व्हायच्या ऐवजी कोंदट होईल. आपलं शरीरही याच रीतीने गार होतं. नागपूरच्या कोरड्या हवेत घाम येतो तसा उडून जातो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. इथल्या हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की घाम उडत नाही, नुसता ओघळतो. शर्ट चिंब होतो, अंग मात्र तापलेलंच राहतं. तापमान ९२ फॅरनहाइट, म्हणजे तुमचे तेहेतीस अंश, आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर इथल्या हवामान खात्याच्या तक्त्यानुसार ते अंगाला १०५ लागतं, म्हणजे चाळीसच्या वर. हा आकडा सावलीतला. थेट उन्हात त्यात १५ फॅरनहाइटपर्यंत भर पडते. दुपट्टा जरूर बांधा, ऊन अडेल. पण घाम उडवण्याचं काम त्याच्याने होत नाही. ते काम वातानुकूलित खोलीच करते.

आता ताई, तुमच्यासाठी. पार्क उघडायच्या अर्धा तास आधी दाराशी हजर राहा. उघड्यावरचं जे काही असेल ते साडेअकराच्या आत उरका. ॲनिमल किंगडममध्ये सर्वांत आधी सफारी घ्या. सकाळी प्राणीही जागे असतात. त्या पार्कात झाडी दाट आहे, सावली मिळते, पण वारा लागत नाही आणि जीव गुदमरतो. ते संध्याकाळी इतरांपेक्षा लवकर बंदही होतं, म्हणून तिथे फक्त सकाळ धरा.

दुपारी बारा ते साडेपाच हॉटेलवर परत. जेवण, झोप, मुलांना पोहण्याच्या तलावात डुंबणं. तिकिटाचे पैसे वाया जातात असं वाटेल, मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं. पण पाऊसही त्याच वेळेला येतो. अटलांटिककडचा आणि मेक्सिकोच्या आखाताकडचा असे दोन्ही बाजूंचे समुद्री वारे या चिंचोळ्या भूभागावर एकमेकांना भिडतात आणि जून ते सप्टेंबर बहुतेक दुपारी गडगडाट होतो. वीज चमकली की उघड्यावरच्या राइड बंद होतात. साडेपाचला तुम्ही झोप काढून परत याल तेव्हा जमीन निवलेली असेल आणि सकाळपासून उन्हात फिरलेले लोक घरी निघाले असतील.

हॉटेल लांब असेल तर दुपार बसण्यात घालवा. मॅजिक किंगडममध्ये 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' आहे, १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी बनवलेलं. गार प्रेक्षागृहात वीसेक मिनिटं निवांत बसायला मिळतं, फारशी रांगही नसते. एपकॉटमध्ये 'द सीज'चं प्रचंड मत्स्यालय आहे, ५७ लाख गॅलन पाण्याचं. तिथे आजीला नातवंडांसह तासभर सोडा, कोणी उठवत नाही. 'लिव्हिंग विथ द लँड'ची बोट काचघरातल्या शेतीतून जाते. काका विदर्भातले, त्यांना ती भाजी बघायला आवडेल. ॲनिमल किंगडममध्ये 'लायन किंग'चा अर्ध्या तासाचा खेळ आत आहे.

पाणी विकत घेऊ नका. शीतपेयाचं यंत्र असलेल्या डिस्नेच्या खाण्याच्या काउंटरवर 'आइस वॉटर' मागा, पेला फुकट मिळतो.

सोमवार दुपार, शार्लट

मी डॉक्टर आहे, बाबांना तपासलेलं नाही, म्हणून सर्वसाधारण तेवढंच लिहिते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात; त्यांनी उन्हात शरीरातलं पाणी लवकर कमी होतं. गोळीचं नाव सांगून त्यांच्या डॉक्टरांशी निघण्याआधी बोला. स्वतःच्या मनाने बंद करू नका. झोप आणणाऱ्या काही ॲलर्जीच्या गोळ्यांनी घाम कमी येतो, त्याही विचारून घ्या. साखर-मीठ-पाणी रक्तदाबवाल्यांनी उगाच दिवसभर पिऊ नये. साधं पाणी आणि वेळेवर जेवण पुरतं. औषधं तापलेल्या गाडीत ठेवू नका.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, चक्कर: लगेच गार जागी नेऊन बसवा, कपडे सैल करा, घोट घोट पाणी द्या. असंबद्ध बोलणं, पाय लटपटणं किंवा शुद्ध हरपणं म्हणजे उष्माघात समजा. ९११ ला फोन करा आणि मदत येईपर्यंत अंग ओलं करून वारा घाला, मानेला आणि काखेत बर्फ लावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. डिस्नेच्या प्रत्येक पार्कात प्रथमोपचार केंद्र असतं, पहिल्या दिवशी आत शिरतानाच नकाशात शोधून ठेवा.

सोमवार संध्याकाळ, टॅम्पा

(आईने सांगितलं, मी टाइप केलं.)

पोरी,

गेल्या ऑगस्टात मी अशाच एका पार्कात रांगेत कोसळले होते. दोष कुणाचाच नव्हता. सकाळी अर्धा कप चहा घेतला होता, त्यानंतर दुपारी दोनपर्यंत पाण्याचा थेंब नाही. बाटली माझ्याच पिशवीत होती. मी मुद्दामच प्यायले नाही. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागणार, तासाभराच्या रांगेतून एकटीने बाहेर पडायचं, परत सगळ्यांना शोधायचं, इंग्रजीत विचारायचं. त्यापेक्षा तहान बरी वाटली. शिवाय जावयांनी काढलेल्या तिकिटाचे रुपयांत किती झाले याचा हिशेब डोक्यात चालूच होता. माझ्यापायी पाच जणांचा दिवस कसा मोडायचा?

लेक दर थोड्या वेळाने विचारायची, "आई, दमलीस का?" मी म्हणायचे, "नाही गं." तुझी आईही हेच म्हणेल. म्हणून तो प्रश्न विचारूच नकोस. घड्याळ लाव. दर तासाला सगळ्यांनीच बसायचं आणि सगळ्यांनीच बाथरूमला जाऊन यायचं, मुलांच्या निमित्ताने. मग आईला काही मागावं लागत नाही. आणि पाणी तू देऊ नकोस, नातीच्या हातून दे. चार वर्षांची पोर दोन्ही हातांनी पेला पुढे धरते तेव्हा 'नको' म्हणवत नाही. आता माझ्या घरी हे काम नातीकडेच आहे.

कपडे सुती आणि सैल. पायात जुने, सवयीचे बूट, पावसासाठी मोज्यांचा जादा जोड. दारात चाकाची खुर्ची भाड्याने मिळते ती सकाळीच घे. बाबा नको म्हणतील. पिशव्या ठेवायला घेतली म्हण, दुपारी लागेल त्याने बसावं.

सोमवार रात्र, अटलांटा

ताई, मीही अटलांटातूनच. खाण्याचं: डिस्नेत घरचं नेता येतं. काचेची भांडी आणि सुटा बर्फ चालत नाही. कोकम सरबत प्लास्टिकच्या बाटल्यांत आदल्या रात्री गोठवून पिशवीत ठेवा, बर्फाचं काम होतं आणि दुपारपर्यंत गारेगार प्यायलाही मिळतं. बाटली काठोकाठ भरू नका, फुटते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उत्तम टिकते.

जुलै, पहिला शनिवार, अटलांटा

मंडळी,

परत आलो, सगळे ठणठणीत आहेत.

पहिल्या दिवशी मॅजिक किंगडममध्ये बाबा दुपारी हॉटेलवर यायला तयार नव्हते. साडेअकराला त्यांचा शर्ट पाठीला पुरता चिकटला होता. एका भिंतीच्या सावलीत उभे राहिले, कपाळ पुसलं, परत पुसलं, आणि म्हणाले, "अकोल्याच्या त्या काकांना सांग, कूलर चालत नाही इथे." दोन तास गाढ झोपले. संध्याकाळी पावसानंतर तेच सगळ्यांच्या पुढे चालत होते.

टॅम्पाच्या काकू, तुमचं घड्याळ तिन्ही दिवस लावलं. पाण्याचं काम धाकटीने इतकं मनावर घेतलं की ती रांगेतल्या अनोळखी आजींनाही पेला द्यायला निघाली. आणि तिसऱ्या दिवशी, सफारीहून उतरल्यावर, घड्याळ वाजायच्या आधीच आई म्हणाली, "आता मी जरा बसते." मी लग्न होऊन आल्यापासून तिच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. तिच्याशेजारी बराच वेळ बसून राहिले.

डॉक्टर ताई, बाबांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले होते, त्यांनी तीन दिवसांसाठी नीट सूचना लिहून दिल्या. बरं झालं विचारलं.

आमच्याकडे सहा रेनकोट, गळ्यात घालायचे दोन पंखे आणि बर्फाच्या चार पिशव्या पडून आहेत. ऑगस्टात कोणी जाणार असेल तर शनिवारी मराठी शाळेत घेऊन येते.