लंडनला दोन महिने आहोत, रोज बसने फिरायचं म्हणतेय, कुठून सुरुवात करू?

सातारकर_ताई:
नमस्कार मंडळी. मी आणि हे पुढच्या महिन्यात लेकीकडे लंडनला चाललोय, ती हॅरोला राहते. लेक जावई दोघं सकाळी आठला घर सोडतात ते संध्याकाळी सातला येतात, दिवसभर आम्ही दोघंच. मागच्या वेळी शनिवार रविवार करून त्यांनी सगळं दाखवलं, राजवाडा झाला, टॉवर ब्रिज झाला, पण प्रत्येक ठिकाणी ट्यूबने. खाली जायचं, बोगद्यातून जायचं आणि वर आलं की एकदम समोर तो ब्रिज. मधे कुठलं गाव लागलं, माणसं कशी राहतात, भाजी कुठे घेतात, काही म्हणता काही दिसलं नाही. मी सातारा कोरेगाव २६ वर्षं एसटीने अप-डाउन केलंय, शाळेत होते. खिडकीतनं रोज बघून बघून कुणाच्या रानात काय पेरलंय ते पण मला माहिती असायचं. तसं लंडन बघायचंय मला. म्हणून बसने.

पण शंका आहेत. कंडक्टर नसतो म्हणे, मग तिकीट कसं काढायचं? आपल्यासारखी ज्येष्ठांना सवलत असते का? ह्यांचे गुडघे दुखतात, चढायला पायऱ्या उंच असतात का? इंग्रजी वाचते बऱ्यापैकी, पण समोरचा भरभर बोलला की गोंधळायला होतं. आणि चुकलो तर काय करायचं? लेक म्हणते आई तू एकटी नको जाऊस, रविवारी मी नेते. मला तिच्या सुट्टीची वाट बघत बसायचं नाहीये.

केंटनची_वहिनी:
ताई, अगदी योग्य विचार केलायत, बिनधास्त जा. मी त्याच भागात सहा वर्षं काढली आणि माझे सासू सासरे आले की असेच फिरायचे, त्यामुळे हे सगळं मला अनुभवाने माहिती आहे.

आधी तिकिटाचं. रोख पैसे २०१४ पासून बसमध्ये घेतच नाहीत. ऑयस्टर कार्ड, म्हणजे तिथलं आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, नाहीतर टॅप होणारं बँकेचं कार्ड चालतं. पुढच्या दाराने चढायचं, ड्रायव्हरजवळच्या पिवळ्या गोल खुणेवर कार्ड टेकवायचं, बीप वाजलं की झालं. उतरताना परत टेकवायचं नाही, ट्यूबची सवय असली की लोक उतरतानाही कार्ड शोधत बसतात. मी होते तेव्हा एका वेळचे १.७५ पाउंड पडायचे आणि पहिल्यांदा टेकवल्यापासून एका तासाच्या आत कितीही बस बदला, परत पैसे नाहीत. नुसत्या बसने फिरलं तर तेव्हा दिवसाला ५.२५ च्या वर कापायचे नाहीत. म्हणजे तीन वेळचे पैसे झाले की उरलेला दिवस फुकट. ज्येष्ठांचा पास तिथल्या रहिवाशांनाच मिळतो, आपल्याला नाही.

गुडघ्यांचं म्हणाल तर बसचा खालचा मजला अगदी फूटपाथच्या लेव्हलला येतो, चढायला पायरी नसतेच. खाली पुढच्या सीट वयस्करांसाठी असतात आणि लोक खरंच उठून देतात. पण जमलं तर काकांना हळूहळू वर न्याच, वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट. फक्त जिन्यात असताना बस सुटते, तेव्हा दांडा घट्ट धरायचा आणि उतरायचं असलं की आधीच्या स्टॉपला बेल मारून ठेवायची. पुढचा स्टॉप कुठला ते बसमध्ये बोर्डावर येतं आणि बोलूनही सांगतात, त्यामुळे कुणाला विचारायची फार वेळ येत नाही.

आता सुरुवात. हॅरोहून १८३ नंबर पकडा, गोल्डर्स ग्रीनला शेवटपर्यंत जाते. केंटन, किंग्जबरी, हेंडन अशी. किंग्जबरीला गुजराती दुकानं इतकी की तुम्हाला कोथिंबीर मेथीसाठी दुसरीकडे जायला नको. गोल्डर्स ग्रीनला ज्यूंची वस्ती, बेकऱ्या बघाल तर बघतच राहाल. आणि तिथे बस स्टेशनातच २१० लागते, ती घ्या. ही माझी सगळ्यात लाडकी बस. चढ चढून हॅम्पस्टेड हीथ नावाच्या मोठ्या मोकळ्या रानाच्या कडेने जाते, दोन्ही बाजूला झाडी, फांद्या वरच्या काचेला घासतात. मधे स्पॅनियर्ड्स इन नावाचं जुनं पब आहे आणि बरोबर समोर जुनं टोलनाक्याचं घर, दोघांच्या मधे रस्ता इतका चिंचोळा की एका वेळी एकच गाडी जाते. दुमजली बस तिथून काढतात ते वरून बघायचं. तिथून पुढे लगेच केनवुड हाउस, उतरा. मोठा बंगला आहे, आत जायला पैसे नाहीत, रेम्ब्रांटने स्वतःचं काढलेलं चित्र आहे आत, कॅफे आहे आणि टॉयलेट स्वच्छ आहे. टॉयलेटचं मुद्दाम सांगते कारण लंडनच्या रस्त्यावर ती सोय कमी आहे, म्युझियम दिसलं की जाऊन यायचं.

परत पुढची २१० घेतली की हायगेट गाव आणि मग उतार. त्या उतारापासून चालत जवळच क्रॉमवेल अव्हेन्यूवर ६५ नंबरचं घर आहे, तेच इंडिया हाउस, श्यामजी कृष्ण वर्मांचं भारतीय विद्यार्थ्यांसाठीचं वसतिगृह. सावरकर तिथे राहायचे, भिंतीवर निळी पाटी आहे. आत कुणीतरी राहतं, त्यामुळे बाहेरूनच बघायचं.

विमाननगर_पुणे:
वहिनींनी सगळं सांगितलंय, एकच भर घालतो. दोघांना दोन वेगळी कार्डं लागतात, एकच कार्ड दोनदा टेकवून दोघांचं तिकीट निघत नाही. आणि रोज तेच कार्ड वापरा. तेच कार्ड मोबाईलमध्ये टाकून एकदा मोबाईल आणि एकदा कार्ड टेकवलं तर ती दोन वेगळी माणसं धरतात, मग तासाभराची सवलत पण नाही आणि दिवसाची मर्यादा पण लागू होत नाही. माझे असे चार दिवस जास्तीचे पैसे गेले. इथल्या बँकेचं कार्ड असेल तर परदेशी व्यवहाराचा आकार किती लागतो तेही आधी विचारून घ्या, त्यापेक्षा ऑयस्टर बरं.

दादर_टीटी:
ताई, तुमचं वाचून बरं वाटलं. आमचं लहानपण बेस्टच्या डबलडेकरमध्ये वरच्या पुढच्या खिडकीत गेलं, वारा नुसता तोंडावर. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ती जुनी डिझेलची शेवटची डबलडेकर बंद झाली त्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेलो होतो. आता एसीवाल्या इलेक्ट्रिक आल्यात, चांगल्या आहेत, पण खिडकी उघडत नाही.

लंडनला मी मुलाकडे होतो तेव्हा दोन रूट परत परत केले. एक २४ नंबर, हॅम्पस्टेड हीथहून पिम्लिको. कॅमडेन, ट्रफाल्गार स्क्वेअर, पार्लमेंट सगळं एकाच तिकिटात वरून दिसतं. २०२२ मध्ये ही बस बंद करायचा प्रस्ताव होता, लोकांनी कडाडून विरोध केला म्हणून वाचली. दुसरी १५ नंबर, ट्रफाल्गार स्क्वेअरहून फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स, टॉवरवरून पूर्वेला ब्लॅकवॉलपर्यंत. टुरिस्ट सगळे टॉवरला उतरून जातात. तुम्ही उतरू नका. खरी मजा पुढे आहे, कमर्शियल रोड लागतो, शेजारी बसणारी माणसं बदलतात, बांगलादेशी बायका पिशव्या घेऊन चढतात, कुणाच्या पिशवीत लाल भोपळा, कुणाच्या मासे. मी तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा शेवटच्या स्टॉपपर्यंत.

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते १० किंग हेन्रीज रोडचं घर पण चुकवू नका, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतलं, आता स्मारक आहे. गोल्डर्स ग्रीनहून १३ नंबरने स्विस कॉटेज, तिथून ३१ नंबर ॲडलेड रोडने जाते, रस्ता अगदी लागूनच आहे.

आयटी_वाला_रेडिंग:
मला थोडं वेगळं वाटतं. हॅरोहून बसने मध्य लंडन गाठायला दोन तास सहज जातात, ऑक्सफर्ड स्ट्रीटला तर चालणारा माणूस बसच्या पुढे जातो. वय बघता जाताना ट्यूबने जा आणि दमला नसाल तर येताना बसने या. आणि कधीकधी बस मधेच संपवतात, अनाउन्समेंट होते की या बसचं शेवटचं ठिकाण बदललंय. तेव्हा घाबरायचं नाही, सगळ्यांबरोबर उतरायचं, त्याच स्टॉपला मागून पुढची येते.

केंटनची_वहिनी:
रेडिंगवाले, ताईंना पोचायची घाई कुठे आहे? त्यांना मधलंच बघायचंय. पण मधेच उतरवतात ते सांगितलंत ते बरं केलंत, माझ्या सासूबाई पहिल्यांदा रडकुंडीला आल्या होत्या.

सातारकर_ताई:
मंडळी, पोचलो आणि आज तिसरा दिवस. काल गेलो! १८३ ला वर पुढची सीट मिळाली नाही, मागे बसलो, पण किंग्जबरीला एक मुलगा उठला आणि खूण करून ह्यांना बोलावलं. ह्यांनी जिना चढायला वेळ लावला होता, पण खाली उतरायचं नाव नाही. २१० ला अख्खी पुढची रांग आमची. ते चिंचोळं वळण आलं तेव्हा समोरून एक दुधाची गाडी आली, आमचा ड्रायव्हर थांबला, ती गाडी मागे गेली, दोघांनी हात केले. दोन्ही भिंती काचेला लागतात की काय असं वाटलं, मी ह्यांचा हात धरून बसले होते.

केनवुडला डबा खाल्ला बाकावर बसून, मेथीचे ठेपले. सावरकरांच्या घरासमोर दहा मिनिटं उभे राहिलो. ह्यांनी टोपी काढली.

येताना स्टॉपला गोंधळ झाला, रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभे होतो आणि बस उलट दिशेला निघाली. एका आजींना विचारलं, त्यांनी स्टॉपच्या खांबावरचं अक्षर दाखवलं आणि समोरच्या खांबाचं वेगळं अक्षर दाखवलं, बऱ्याच स्टॉपला असतं म्हणे. आता मी वहीत बस नंबरपुढे ते अक्षर पण लिहून ठेवते.

संध्याकाळी लेकीला सगळं सांगितलं तर ती म्हणाली मी सात वर्षं इथे आहे, २१० मध्ये एकदाही बसले नाहीये. रविवारी तिला घेऊन जाणार आहोत. उद्या मात्र आम्ही दोघंच, १३ नंबर आणि बाबासाहेबांचं घर. दादरवाले, तुमची १५ नंबर पुढच्या आठवड्यात, ब्लॅकवॉलला उतरल्यावर बसायला बाक आहे का तेवढं सांगा, ह्यांच्यासाठी विचारतेय.