मदत हवी आहे: १०० मेगावॅटचा फ्युजन रिअॅक्टर युद्धनौकेत बसवायचाय, वजनाचं गणित जुळत नाही

तिरकी_फ्रेम (धागाकर्ता)
डिझाइन अभ्यासासाठी एक विनाशिका घेतली आहे. गॅस टर्बाइन काढून कॉम्पॅक्ट फ्युजन रिअॅक्टर टाकायचा, १०० मेगावॅटचा. लेझर आणि रेलगनलाही (विजेने गोळा डागणारी तोफ) त्याचीच वीज. रिअॅक्टर २० टनांचा धरला तर सगळं आरामात बसतं. पण तपासणाऱ्यांनी शेरा मारलाय की शिल्डिंग (किरणोत्सार अडवणारं कवच) कुठंय? तर शिल्डिंगला किती टन धरू, एवढा आकडा सांगा. शुक्रवारी द्यायचंय. 'फ्युजन कायम ३० वर्षं लांब' हा विनोद कृपया नको.

बाष्पयंत्री
१०० मेगावॅट कुठे मोजलेले? प्लाझ्मात (फ्युजन होतं त्या तापलेल्या वायूत), बॉयलरला मिळणारी उष्णता म्हणून, की बसबारवर (वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीवर) वीज म्हणून? इंधन कोणतं? नौका किती टनांची?

तिरकी_फ्रेम
१०० मेगावॅट म्हणजे १०० मेगावॅट. इंधन नेहमीचंच. आकडा आहे का कुणाकडे?

चुंबकराव
नेहमीचं म्हणजे ड्यूटेरियम-ट्रिटियम (हायड्रोजनचे दोन जड प्रकार, थोडक्यात डीटी) समजतो. दर अभिक्रियेला १७.६ एमईव्ही (अणुस्तरावरचं ऊर्जेचं एकक), त्यातले १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो. म्हणजे तुमच्या १०० मेगावॅटपैकी ८० मेगावॅट न्यूट्रॉनच्या रूपात भिंतीवर आदळणार.

मोजून पाहा. प्लाझ्माचं दंडगोल १ मीटर त्रिज्येचं, ५ मीटर लांब. भोवती ब्लँकेट (न्यूट्रॉन शोषून उष्णता घेणारा थर) आणि शिल्ड मिळून किमान १ मीटर जाडी लागते, कारण पोलाद-पाणी मिश्रणात वेगवान न्यूट्रॉन दहापटीने कमी करायला १५-२० सेंमी जातात आणि सुपरकंडक्टिंग कॉइल (प्लाझ्मा धरून ठेवणारे अतिथंड चुंबक) वाचवायच्या तर असे बरेच टप्पे हवेत. बाजूचं घनफळ ४७ घनमीटर, दोन टोकांचं २५, एकूण ७२. सरासरी घनता घनमीटरला ५ टन धरा: ३६० टन. कॉइल, क्रायोस्टॅट (त्यांना थंड ठेवणारं भांडं), पंप आणि माणसांसाठीचं बाहेरचं शिल्ड अजून मोजलेलंच नाही.

२० टन आले कुठून? लॉकहीड मार्टिनने २०१४ साली ट्रकवर मावेल असा १०० मेगावॅटचा रिअॅक्टर जाहीर केला होता, तिथलीच धारणा दिसते. पुढे त्याच आराखड्याचं वजन २,००० टनांच्या घरात गेलं आणि २०२१ मध्ये कामच थांबलं.

बाष्पयंत्री
३६० ला सहमत, पण धागाकर्त्यांचा खरा घोळ वेगळाच आहे. १०० मेगावॅट फ्युजन म्हणजे शाफ्टवर १०० नव्हे. इस्कटून सांगतो.

न्यूट्रॉनचे ८०, ब्लँकेटमधल्या लिथियमच्या अभिक्रियांमुळे थोडी भर पडून ९२ धरा. अल्फा कणांचे (हेलियमच्या गाभ्यांचे) २०. क्यू (फ्युजन शक्ती भागिले बाहेरून घातलेली तापनशक्ती) १० असेल तर प्लाझ्मा तापवायला बाहेरून घातलेले १०. उष्णता झाली १२२. वाफेच्या चक्राने ३५ टक्के मिळाले तर वीज ४३. आता परतीचा हिशेब: ते १० मेगावॅट प्लाझ्मात पोचवायला तापनयंत्रणा ४५ टक्के कार्यक्षम असली तरी २२ मेगावॅट वीज खाते. क्रायोकूलर, व्हॅक्यूम, कूलंट पंप यांचे ६-७. हातात उरले १४.

एक एलएम२५०० टर्बाइन २५ मेगावॅट देते. एमटी३० तर ३६. आणि क्यू १० ही अजून कागदावरची गोष्ट आहे, त्यासाठी बांधल्या जात असलेल्या आयटर या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचं यंत्र २३,००० टनांचं आहे.

हेलियम_तीनवाला
तुम्ही लोक वाफेतच अडकलात. प्रोटॉन-बोरॉन घ्या ना! तीन अल्फा, ८.७ एमईव्ही, मूळ अभिक्रियेत न्यूट्रॉन नाहीत, वीज थेट काढायची. शिल्डचा प्रश्नच मिटतो.

चुंबकराव
मिटत नाही, सरकतो. त्याला तापमान डीटीच्या दहापट लागतं, आणि तिथे ब्रेम्सस्ट्राह्लुंगने (इलेक्ट्रॉन मंदावताना निघणाऱ्या क्ष-किरणांनी) होणारा ऱ्हास फ्युजनच्या उत्पन्नाला जवळजवळ गिळून टाकतो. ड्यूटेरियम-हेलियम-३ मध्येही डीडीच्या (ड्यूटेरियम-ड्यूटेरियम) बाजूच्या अभिक्रियांतून २.४५ एमईव्हीचे न्यूट्रॉन येतातच. शिल्ड पातळ होईल, शून्य नाही.

हेलियम_तीनवाला
हेलिऑन कंपनीने ट्रेंटा या फ्युजन यंत्रात १० कोटी अंश गाठलेत. तुम्हाला नवीन काही दिसलं की नाकं मुरडायची सवय आहे.

चुंबकराव
तापमान गाठणं आणि घनता × धारणकाळ × तापमान हा गुणाकार गाठणं यांत फरक आहे. २०२३ साली जेट या युरोपीय फ्युजन यंत्राने ५ सेकंदांत ६९ मेगाज्यूल काढले. मोठी गोष्ट, पण तेव्हाही आत घातलेली ऊर्जा जास्तच होती.

तिरकी_फ्रेम
भांडण नंतर करा. ३६० टन लिहू का? आणि शस्त्रांचं काय? लेझरला एवढी वीज दुसरीकडून कशी येणार?

कोरडी_गोदी
लेझरला एवढी वीज लागतच नाही हो. 'प्रेबल' या अमेरिकी विनाशिकेवरचा हेलिऑस लेझर ६० किलोवॅटचा. उद्या ३०० किलोवॅटचा आला, कार्यक्षमता ३० टक्के धरली, तरी १ मेगावॅट. आर्ले बर्क फ्लाइट २ए या अमेरिकी विनाशिकांवर ३ मेगावॅटचे तीन जनरेटर आधीच आहेत. अडचण उरते ती ७०० किलोवॅट उष्णता डेकवरून चिलरपर्यंत नेण्याची, आणि समुद्रावरच्या दमट हवेत झोत पसरण्याची. रिअॅक्टर बदलून यातलं काहीच सुटत नाही.

रेलगन: नळीच्या तोंडाशी ३२ मेगाज्यूल, कार्यक्षमता एक तृतीयांश, मिनिटाला १० गोळे. झाले १६ मेगावॅट. झुमवॉल्ट विनाशिकेची एकूण स्थापित क्षमता ७८ मेगावॅट आहे. अमेरिकी नौदलाने २०२१ मध्ये रेलगन थांबवली, नळीची झीज हा तिचा जुनाच आजार. जपानने मात्र २०२३ मध्ये जहाजावरून गोळा डागून दाखवला.

माझं मत विचाराल तर सरळ पीडब्ल्यूआर (दाबाखालच्या पाण्याचा नेहमीचा अणुविखंडन रिअॅक्टर) बसवा. फ्रेंच के१५ १५० मेगावॅट उष्णता देतो, 'शार्ल द गोल' या विमानवाहू नौकेत दोन आहेत. व्हर्जिनिया पाणबुडीचा गाभा तर नौकेच्या आयुष्यात बदलावाच लागत नाही. उलट तुमच्या फ्युजनमध्ये भिंतीवर न्यूट्रॉनभार २ मेगावॅट प्रति चौ. मीटर. पोलादाला पूर्ण शक्तीच्या वर्षाला २० डीपीए (दर अणू किती वेळा जागेवरून ढकलला गेला त्याचं माप). एवढ्यातच पहिली भिंत बदलायची वेळ येते. सरासरी ३० टक्के भाराने चालवली तरी दर तीन वर्षांनी डेक कापा, किरणोत्सारी तुकडे रोबोटने काढा, नवीन वेल्ड करा. गोदीवाले हाकलून देतील.

पाणीखालचा
पाणबुडीत तर बोलूच नका. ट्रिटियमचं काय? १०० मेगावॅटला दिवसाला १५ ग्रॅम, वर्षाला साडेपाच किलो. अर्धायुष्य १२.३ वर्षं, गरम पोलादातून झिरपतं, आणि बंद हवेत माणसं. शिवाय क्रायोकॉम्प्रेसर आणि व्हॅक्यूम पंपांचा आवाज सोनारला फुकटचं आमंत्रण.

चुंबकराव
ट्रिटियम तयारच करायचं ना, लिथियममध्ये. पुनरुत्पादन गुणोत्तर (जळालेल्या ट्रिटियमच्या मानाने नवीन किती झालं) १.०५ च्या वर हवं.

पाणीखालचा
आणि द्रव लिथियम समुद्राच्या पाण्याशेजारी ठेवायचं? जुन्या 'सीवुल्फ' पाणबुडीत सोडियम-शीतित रिअॅक्टर होता, सुपरहीटर गळू लागले, शेवटी तो काढून पीडब्ल्यूआर बसवला. धडा १९५० च्या दशकातला आहे.

चुंबकराव
द्रव लिथियमच हवं असं कुणी सांगितलं? सिरॅमिक लिथियमचे खडे असतात, शिसे-लिथियम मिश्रण असतं. तुम्ही सर्वांत वाईट पर्याय धरून वाद घालताय.

उडती_बातमी
अमेरिकी नौदलाचं प्लाझ्मा कॉम्प्रेशन फ्युजनच्या पेटंटचा अर्ज कुणी वाचला का? साल्वातोरे पाइस यांचा. सगळे प्रश्न सुटतात म्हणे.

कोरडी_गोदी
त्यामागचा परिणाम नौदलाने स्वतःच तपासला. पाच लाख डॉलर खर्चले, परिणाम सिद्ध झाला नाही. पुढचा.

तिरकी_फ्रेम
अहो, मला फक्त टन हवेत. आता १४ मेगावॅटवर नौका कशी चालवू?

बाष्पयंत्री
नाही चालत. तुम्हाला ४५ निव्वळ हवे असतील तर क्यू १० ला फ्युजन शक्ती २७० मेगावॅटच्या आसपास जाते. स्पार्क या फ्युजन यंत्राचं डिझाइन १४० चं आहे, त्याच्या दुप्पट. त्यामुळे ३६० टन विसरा.

शिवाय सुरुवातीची वीज. नौका पूर्ण बंद पडली असेल तर प्लाझ्मा पेटवायला १०० मेगावॅटच्या यंत्रालाच २२ मेगावॅट काही वेळ हवेत, २७० ला ६०. तीन जनरेटर मिळून ९. जेटकडे यासाठी ७७५ टनांची दोन फ्लायव्हील होती.

चुंबकराव
आणि एक गोष्ट कुणी बोललं नाही. कॉइल २० केल्विनवर (उणे २५३ अंश सेल्सिअस). बाहेरून उष्णता आत येऊ नये म्हणून तिचे आधार बारीक, लांब हवेत. पाण्याखालच्या स्फोटाच्या धक्क्याला तेच आधार जाड, आखूड हवेत. आत शिरलेल्या दर वॅटला क्रायोकूलर ७० च्या आसपास वॅट खातो. या दोहोंत मध्यम मार्ग काढलेला आधार अजून कुणी धक्का-चाचणीत टिकवून दाखवलेला नाही. तपासणारे हाच प्रश्न विचारतील.

तिरकी_फ्रेम
ठीक. रिअॅक्टर, शिल्ड आणि कॉइल मिळून १,५०० टन केले, तळाशी ठेवले. डिस्प्लेसमेंट (नौकेचं एकूण वजन) ९,५०० टन झालं. जीएम (मेटासेंट्रिक उंची, स्थिरतेचं माप) दुप्पट आला, म्हणजे स्थिरता उत्तमच ना?

कोरडी_गोदी
दुप्पट जीएम म्हणजे आंदोलनकाळ ३० टक्क्यांनी घटला. नौका झटके देत डोलेल, आणि ते झटके चुंबकरावांच्या बारीक आधारांवर. वजन दोन डेक वर उचलून पुन्हा मोजा.

आणि एक सांगा: इंधनटाक्या पूर्ण काढल्यात का? त्यातलं वजनही तळाशीच होतं. पेटवायला राखीव टर्बाइन ठेवणार असाल तर तिचं इंधन परत घालावं लागेल, मग हा जीएम खोटा आहे.

तिरकी_फ्रेम
टाक्या काढल्या होत्या. राखीव टर्बाइन धरलीच नव्हती.