हर्शेल मॅकग्रिफ आणि 1976 ची ले मान्स शर्यत : घरच्या संघातून घडलेल्या कारकिर्दीचे मोल कसे करावे?

घाटमाथा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

2023 च्या जून महिन्यात फ्रान्समधल्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत हेंड्रिक मोटरस्पोर्ट्सची शेवरोले कॅमॅरो, म्हणजे मुळातली नॅसकार या अमेरिकी शर्यत-संस्थेची स्टॉक कार (रोजच्या मोटारीच्या रूपाची शर्यतीची गाडी), खास निमंत्रणावरून धावली आणि 285 फेऱ्या पूर्ण करून एकूण क्रमवारीत 39 वी आली. जिमी जॉन्सन, जेन्सन बटन आणि माइक रॉकनफेलर हे तिचे चालक होते. त्या निमित्ताने जुने संदर्भ चाळताना असे दिसले की याच शर्यतीत 1976 साली अमेरिकेतून दोन स्टॉक कार उतरल्या होत्या आणि त्यांपैकी डॉज चार्जर ही गाडी हर्शेल मॅकग्रिफ व त्यांचा मुलगा डग या दोघांनी मिळून चालवायला घेतली होती. ती दोनच फेऱ्यांत बंद पडली.

बहुतेक ठिकाणी मॅकग्रिफ यांची ओळख या फजितीपाशीच सुरू होते आणि तिथेच संपते, याचे मला नवल वाटले. नॅसकारच्या मुख्य मालिकेत त्यांचे विजय अवघे चार, तेही सगळे 1954 या एकाच वर्षातले. तिथले अजिंक्यपद एकही नाही. तरीही 1998 मध्ये नॅसकारने आपल्या सर्वश्रेष्ठ पन्नास चालकांत त्यांचे नाव घेतले आणि 2023 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी, त्यांना हॉल ऑफ फेममध्ये स्थान दिले.

माझे प्रश्न दोन आहेत. दोन फेऱ्यांत गाडी बसली ती नेमकी कशामुळे? आणि पदरच्या पैशाने, घरच्या माणसांना बरोबर घेऊन, व्यवसाय सांभाळून शर्यती खेळणाऱ्या माणसाला आपण थोर चालक म्हणावे की हौशी?


बीव्हर्टनकर

मी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंडच्या शेजारी राहतो, त्यामुळे मॅकग्रिफ हे आमच्या भागातले म्हणायला हरकत नाही. त्यांचा जन्म 14 डिसेंबर 1927 चा, कोलंबिया नदीच्या खोऱ्यातील ब्रायडल व्हेल या लाकूड कापणाऱ्या गिरणीच्या गावातला. (या गावाच्या नावाचा अर्थ नववधूच्या चेहऱ्यावरची झिरझिरीत ओढणी असा होतो, आणि केवळ त्या नावाचा शिक्का पाकिटावर उमटावा म्हणून लोक दूरदूरहून लग्नपत्रिका तिथल्या इवल्याशा टपाल कार्यालयात आणून टाकतात. विषयांतराबद्दल क्षमस्व.) लाकडाचा धंदा आणि शर्यत ही दोन्ही सूत्रे त्यांच्या आयुष्यात शेवटपर्यंत एकमेकांत गुंतलेली दिसतात आणि त्यांच्या कारकिर्दीतले चढउतार समजून घ्यायचे तर ही गुंतागुंत नजरेआड करून चालत नाही.

पहिली शर्यत 1945 च्या सप्टेंबरमध्ये, पोर्टलंड स्पीडवेवर, सतराव्या वर्षी आणि घरच्याच हडसन गाडीतून. आपण ज्याला घरचा संघ म्हणता तो अशा रीतीने पहिल्याच दिवशी उभा राहिला होता.

खरे वळण आले ते 1950 च्या मे महिन्यात. पॅन-अमेरिकन महामार्गाचा मेक्सिकोतील भाग पूर्ण झाला म्हणून त्या देशाने उत्तर सीमेवरील हुआरेझपासून ग्वाटेमालाच्या सीमेपर्यंत, सुमारे 3,400 किलोमीटरची, अनेक टप्प्यांची शर्यत भरवली. हीच पहिली करेरा पानामेरिकाना. सव्वाशेहून अधिक गाड्या त्यात होत्या आणि कॅडिलॅक व लिंकन यांसारख्या भारदस्त गाड्या जिंकतील असाच सगळ्यांचा होरा होता. बावीस वर्षांचे मॅकग्रिफ सहचालक रे एलियट यांना घेऊन ओल्ड्समोबिल 88 मधून गेले. ही गाडी ताकदीने थोडी कमी, पण अंगाने बरीच हलकी होती, आणि डोंगराळ वळणांवर जड गाड्यांचे ब्रेक तापून निकामी होत असताना हा हलकेपणाच कामी आला. सुमारे 1,900 डॉलरच्या गाडीने 17,000 डॉलरच्या आसपासचे बक्षीस मिळवले. त्याच शर्यतीत नॅसकारचे संस्थापक बिल फ्रान्स स्वतः नॅश गाडी घेऊन उतरले होते. तिथे जुळलेल्या ओळखीतून मॅकग्रिफ त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये डार्लिंग्टनच्या पहिल्या सदर्न 500 या शर्यतीला गेले आणि 75 गाड्यांच्या त्या गर्दीत पहिल्या दहांत आले.

1954 मध्ये त्यांनी पूर्वेकडे मुक्काम हलवून हंगामाचा मोठा भाग खेळला. सॅन मातेओ, मॅकन, शार्लट आणि नॉर्थ विल्क्सबरो असे चार विजय मिळवून ते गुणतक्त्यात सहावे आले. यातली नॉर्थ विल्क्सबरो ही हंगामाची अखेरची शर्यत होती, म्हणजे जाताना जिंकूनच ते घरी परतले. पुढच्या वर्षासाठी बोटींच्या इंजिनांचे कारखानदार कार्ल कीकहेफर यांनी त्यांना आपल्या नव्या संघात बोलावले होते. मॅकग्रिफ यांनी नकार दिला, कारण घरी लहान मुले होती आणि लाकडाच्या धंद्याला माणूस हवा होता. कीकहेफर यांच्या क्रायसलर गाड्यांतून टिम फ्लॉक यांनी 1955 मध्ये 18 शर्यती आणि अजिंक्यपद जिंकले. तेव्हा ‘अजिंक्यपद एकही नाही’ हे वाक्य लिहिताना त्या नकाराचीही नोंद शेजारी असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.


ऑइल_चेंज

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. माझे आयुष्य गॅरेजमध्ये गेले असल्याने या प्रकरणाकडे मी चालकापेक्षा इंजिनाच्या बाजूने अधिक पाहतो.

त्या चार्जरमध्ये क्रायसलरचे हेमी जातीचे व्ही-8 इंजिन होते आणि ते अमेरिकेतल्या उच्च ऑक्टेनच्या शर्यतीच्या इंधनासाठी बसवलेले होते. अशा इंजिनात मिश्रण फार दाबले जाते, म्हणजे कॉम्प्रेशन जास्त असते, आणि ताकद त्यातूनच निघते. फ्रान्समध्ये शर्यतीसाठी जे पेट्रोल मिळाले त्याचा ऑक्टेन कमी होता. कमी ऑक्टेनचे मिश्रण एवढा दाब आणि उष्णता सोसत नाही आणि ठिणगीने लागलेली ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण एकदम भडकते. आपल्याकडे भेसळीचे पेट्रोल पडले की घाट चढताना गाडी नॉकिंग करते, तोच हा प्रकार. फरक इतकाच की रोजच्या गाडीत आपण गिअर उतरवून, पाय हलका करून निभावून नेतो, आणि ले मान्सच्या त्या सुमारे सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर, जिथे 1990 पर्यंत मध्ये एकही कृत्रिम वळण नव्हते, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवावा लागतो. अशा ठिकाणी पिस्टनचा माथा वितळायला फार वेळ लागत नाही. यावर मेकॅनिकच्या हातात मोजकेच उपाय असतात : जाड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन उतरवायचे, ठिणगीची वेळ मागे घ्यायची आणि मिश्रणात पेट्रोल वाढवायचे. तिन्ही उपायांनी इंजिन थंडावते आणि ताकदही जाते. परदेशात, मोजके सुटे भाग हाताशी असताना, हे काही दिवसांत नेमके जमवणे फार कठीण आहे.

दुसरी अडचण वजनाची. ही गाडी त्या वर्षी जिंकलेल्या जॅकी इक्स आणि गाइस फान लेनेप यांच्या पोर्शे 936 पेक्षा दुपटीहून जड होती. ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर ब्रेकचे काम बेताचे असते, तर इथे प्रत्येक फेरीत पूर्ण वेगातून एकदम खाली यायचे. शिवाय ज्या गाड्यांना दिवे आणि वायपर यांची कधी गरजच पडली नव्हती, त्यांना रात्रीच्या शर्यतीसाठी ते बसवावे लागले. फ्रेंच प्रेक्षकांनी या जोडीला ‘दोन राक्षस’ असे नाव ठेवले होते आणि त्यांच्या आवाजावर ते बेहद्द खूश होते असे सांगतात.

यात चालकांची चूक मला तरी दिसत नाही. बापाने आणि मुलाने मिळून चोवीस तास वाटून घेण्याची तयारी केली होती. इंजिनाने त्यांना अर्धा तासही दिला नाही.


शंकेखोर

बीव्हर्टनकर यांनी माहिती छान दिली आहे, परंतु नकार दिलेल्या अजिंक्यपदाचे गुण आपण कोणाच्या खात्यात जमा करू शकत नाही. 1955 मध्ये त्या क्रायसलरमध्ये मॅकग्रिफ असते तर काय झाले असते, याला उत्तर नाही. जे घडले त्यावरच बोलू.

मुख्य मालिकेच्या एका पायरीखाली पश्चिम किनाऱ्याची वेगळी मालिका होती. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात परतल्यावर मॅकग्रिफ यांचे बहुतेक यश तिथले आहे : 37 विजय आणि 1986 चे अजिंक्यपद. त्याच मालिकेत जॅक मॅककॉय यांचे 54 आणि रे एल्डर यांचे 47 विजय आहेत. घरच्या संघाचेच उदाहरण हवे असेल तर ते एल्डर यांचे घ्यावे. कॅलिफोर्नियातले शेतकरी कुटुंब, वडील आणि भाऊ गाडीच्या मागे, आणि सहा वेळा पश्चिमेचे अजिंक्यपद. शिवाय 1971 आणि 1972 मध्ये रिव्हरसाइडच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर, मुख्य मालिकेच्या शर्यतीत, पूर्वेकडून आलेल्या नामांकित संघांना या शेतकऱ्याने दोनदा हरवले. मॅकग्रिफ हे रिव्हरसाइडचे बादशहा मानले जातात, आणि पश्चिमेच्या मालिकेत त्यांचे तिथले 14 विजय आहेतही, पण मुख्य मालिकेची शर्यत त्यांना तिथे एकदाही जिंकता आली नाही.

पूर्वेला पेटी घराणे होते. वडील ली, मुलगा रिचर्ड गाडी चालवणारा, दुसरा मुलगा मॉरिस इंजिन बांधणारा आणि नात्यातलेच डेल इनमन संघप्रमुख. या घराने कुटुंबालाच व्यवसाय केले. तिथे जिव्हाळाही व्यवसायाच्या आड येत नसे : 1959 मध्ये अटलांटाच्या लेकवुड ट्रॅकवर रिचर्ड यांना विजयी घोषित केल्यावर ली यांनी स्वतःच्या मुलाविरुद्ध तक्रार नोंदवली, फेऱ्यांची मोजणी पुन्हा झाली आणि विजय वडिलांना मिळाला! या कठोरपणाच्या तुलनेत मॅकग्रिफ यांचे खेळणे मला हौसेचे वाटते. हौस हा शब्द मी तुच्छतेने वापरत नाही, पण हॉल ऑफ फेमची वीट तेवढ्यावर बसावी का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे.


घाटमाथा

लेकवुडचा किस्सा ठाऊक नव्हता. बापाने पोराची वही तपासून चूक काढावी तसे झाले.

शंकेखोर यांचा रिव्हरसाइडचा मुद्दा वजनदार आहे. मात्र ले मान्सपुरते पाहता मला नॅसकारचे नामवंत चालक डेल अर्नहार्ट यांची आठवण होते. फेब्रुवारी 2001 मध्ये डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ते आणि त्यांचा मुलगा डेल ज्युनियर एकाच कॉर्व्हेटमध्ये होते, सोबत अँडी पिलग्रिम आणि केली कॉलिन्स, आणि ती गाडी एकूण चौथी व आपल्या वर्गात दुसरी आली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी डेटोना 500 च्या अखेरच्या फेरीत थोरले अर्नहार्ट अपघातात गेले, त्यामुळे त्या बापलेकांच्या शर्यतीचा उल्लेख आजही हळव्या सुरात होतो. पण ती गाडी कारखान्याची, जमवून दिलेली, अनुभवी साथीदारांसह मिळालेली होती. मॅकग्रिफ यांनी 48 व्या वर्षी मुलाला घेऊन, पश्चिमेत शर्यती खेळलेली गाडी समुद्रापार नेली. दोन्हींना एकच माप लावता येईल का?


बीव्हर्टनकर

शंकेखोर, एल्डर यांच्याबद्दल आपण लिहिले ते मला मान्य आहे आणि त्यांची आठवण काढल्याबद्दल आभारही. ते दोन विजय मॅकग्रिफ यांच्या खात्यात नाहीत, हे नाकारण्याचे कारण नाही.

माझा आक्षेप ‘हौस’ या शब्दाच्या व्याप्तीला आहे. हौशी माणूस सोयीची शर्यत निवडतो. मॅकग्रिफ यांनी 1950 मध्ये अनोळखी मेक्सिको निवडला, त्याच वर्षी डार्लिंग्टनचा तोवर कोणीही न धावलेला डांबरी ट्रॅक निवडला, पुढे रिव्हरसाइड आणि ले मान्स. मातीचे ओव्हल, डांबरी ओव्हल, डोंगरी महामार्ग आणि डावी-उजवी वळणे घेणारा रोड कोर्स या चारही ठिकाणी गाडी राखणे ही निरनिराळी कसबे आहेत, आणि पेटी किंवा एल्डर यांच्या यादीत हा विस्तार सापडत नाही. पश्चिमेचे अजिंक्यपद त्यांनी 58 व्या वर्षी मिळवले, ज्या वयात आपल्याकडे कार्यालयात निरोपाच्या नारळाची तयारी सुरू होते. 1981 पासून सलग बारा वर्षे पश्चिमेच्या प्रेक्षकांनी त्यांना सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून निवडले, ते काही एका मेक्सिकोच्या आठवणीवर नव्हे.

पूर्वेच्या संघात पगारी चालक म्हणून राहिले असते तर विजय वाढले असते, हे शक्य आहे. पण पगारी चालकाला मालक ठरावीक वयानंतर गाडी देत नाही. 2018 च्या मे महिन्यात टूसॉन स्पीडवेवर पश्चिमेच्या मालिकेची शर्यत झाली, तिच्यात मॅकग्रिफ उतरले तेव्हा ते 90 वर्षांचे होते. अठरावे आले.


शंकेखोर

नव्वदीचे मला माहीत नव्हते. रिव्हरसाइडबद्दलचे मत तेच आहे, बाकी विस्ताराचा मुद्दा विचारात घेण्याजोगा वाटतो.

ऑइल_चेंज, 1976 च्या दुसऱ्या गाडीचे काय झाले, ते आपण लिहिले नाही. तिलाही तेच पेट्रोल मिळाले असणार.


ऑइल_चेंज

ती ज्युनी डॉनलेव्ही यांच्या संघाची फोर्ड टोरिनो. डिक ब्रुक्स आणि डिक हचरसन हे अमेरिकन चालक आणि त्यांच्या जोडीला मार्सेल मिन्यो हा फ्रेंच चालक. पेट्रोल तेच होते, तरीही तिचे इंजिन टिकले आणि गाडी अंधार पडल्यावरही तासन् तास धावत राहिली. शेवटी रात्रीत तिचा गिअरबॉक्स गेला. स्टॉक कारच्या गिअरबॉक्सला ओव्हलवर एकदा वरचा गिअर पडला की फारसे काम नसते, आणि इथे प्रत्येक फेरीत चढउतार करावी लागत होती, तेव्हा तो इतके तास टिकला याचेच मला अधिक आश्चर्य वाटते.