डोस काढायला कसे शिकलात? नर्सिंगमधल्यांचे अनुभव हवेत

मी गेली बरीच वर्षं नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते. डोसाच्या गणिताचा तास आला की वर्ग गप्प होतो. औषधांची नावं तोंडपाठ असणाऱ्या मुलीही वहीत मान घालून बसतात. कारण उघड आहे. जीएनएम म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला कला शाखेतूनही येता येतं, आणि बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं, गणित नाही. त्यामुळे कितीतरी जणींचा आकडेमोडीशी शेवटचा संबंध दहावीच्या पेपरात आलेला असतो. मग पहिल्याच वर्षी समोर मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम, थेंब आणि युनिट एकदम येऊन उभे राहतात.

मागच्या एका चाचणीत मी विचारलं होतं: ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं आहे, सेट म्हणजे सलाईनची नळी २० थेंबांना १ मिलीची, तर मिनिटाला किती थेंब? उत्तर ४२ च्या आसपास. बऱ्याच वह्यांत २५०० आलं. पाचशे गुणिले वीस भागिले चार. तासांची मिनिटं करायची राहून गेली होती, बाकी सगळं बरोबर. मी लॅबमध्ये सलाईन टांगलं आणि म्हटलं, आता मिनिटाला २५०० थेंब सोडून दाखवा. नळीवरचा रोलर पूर्ण उघडला, थेंब दिसेनासे झाले, नुसती धार लागली. पुढच्या चाचणीत ती चूक एकाही वहीत नव्हती.

सूत्रं पुस्तकात आहेत, ती इथे नकोत. तुम्हाला हे गणित कुठे अडलं, कोणी कसं समजावलं, हात कधी थरथरला, ते लिहा. हॉस्पिटलचं, कॉलेजचं, पेशंटचं नाव मात्र कोणीही लिहू नका.

जीएनएम पहिलं वर्ष, बीड

मी बारावी आर्ट्स, मराठी माध्यम. मॅडमनी फळ्यावर 'डिझायर्ड अपॉन हॅव इनटू व्हॉल्यूम' लिहिलं तेव्हा मला त्यातलं 'इनटू' तेवढं कळलं. होस्टेलवर रडून झालं. रविवारी घरी फोन केला तर आजोबांनी उचलला. ते सातवी शिकलेले, जन्मभर अडतीवर हिशेब लिहिलेले. मी म्हटलं, आबा, बाटलीत ५०० मिलिग्रॅम औषध आहे, त्यात ५ मिली पाणी घातलंय, मला ३०० मिलिग्रॅम द्यायचंय, किती काढू?

ते लगेच म्हणाले, "पाचशेला पाच, तर शंभराला एक. तीनशेला तीन. हे तर त्रैराशिक आहे गं बाळा, यात रडायचं काय?"

मी वहीत त्या सूत्राच्या वर 'त्रैराशिक' असं लिहून ठेवलंय. आता प्रत्येक गणित आधी आबांसारखं तोंडाने बोलते, 'इतक्याला इतकं, तर एकाला किती', मग कागदावर मांडते. वर्गातल्या दोघी-तिघी आता तसंच करतात. इंग्रजीतलं सूत्र परीक्षेत लिहावं लागतं, ते लिहितो.

बालरुग्ण विभागातली स्टाफ नर्स, पुणे

बीडच्या ताईंच्या आबांना नमस्कार सांगा. माझी गोष्ट तिसऱ्या वर्षातल्या नवजात कक्षाच्या पोस्टिंगची.

बाळ २.४ किलोचं. जेंटामायसिन किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे १२ मिलिग्रॅम. अँप्युल (औषधाची काचेची कुपी) २ मिलीचं, त्यात ८० मिलिग्रॅम. मी तोंडी हिशेब केला आणि इनचार्ज सिस्टरना ठामपणे सांगितलं, "३ मिली."

त्या रागावल्या नाहीत. ट्रेमधलं अँप्युल माझ्या हातात देऊन विचारलं, "हे किती मिलीचं?"

"२."

"मग यातून ३ कुठून काढणार?"

माझ्या पोटात गोळा आला. उत्तर ०.३ होतं. ३ मिली म्हणजे १२० मिलिग्रॅम, बाळाच्या डोसाच्या दहापट. एक दशांश चिन्ह, तेवढंच. सिस्टर म्हणाल्या, "एका बाळासाठी दुसरं अँप्युल फोडायची वेळ आली तर आधी हात थांबव, मग डोकं चालव." त्यांनी आणखी दोन गोष्टी हाताला लावल्या. '.३' असं कधी लिहायचं नाही, पुढे शून्य हवंच. आणि '३.०' असंही लिहायचं नाही, कारण टिंब पुसट झालं की ते ३० दिसतं. नवजात बाळाचं औषध १ मिलीच्या सिरिंजमध्येच भरायचं, कारण ५ मिलीच्या सिरिंजवर ०.३ ची रेघच नसते.

आता माझ्याकडे विद्यार्थिनी येतात तेव्हा मीही उत्तर चूक की बरोबर ते सांगत नाही. अँप्युल हातात देते.

सेवानिवृत्त एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर), नंदुरबार

वरच्या सिस्टरांचा नियम चांगला आहे. पण एका औषधापुरता तो बाजूला ठेवावा लागतो, म्हणून मुद्दाम लिहिते.

मी शिकत असताना ग्रामीण रुग्णालयात पोस्टिंग होतं. रात्री पाड्यावरून एक पहिलटकरीण आणली, वाटेत दोनदा झटका येऊन गेला होता, रक्तदाब खूप वाढलेला. सिस्टर म्हणाल्या, मॅगसल्फ (झटक्यावरचं मॅग्नेशियम सल्फेट) काढ, दहा अँप्युल. मी थिजले. आयुष्यात एकाच पेशंटला एकाच वेळी दहा अँप्युल दिलेले पाहिले नव्हते. धीर करून म्हटलं, सिस्टर, एक म्हणायचंय ना?

त्यांच्याकडे वेळ नव्हता, तरी अर्धं मिनिट काढून त्यांनी अँप्युलवरचं लेबल माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. ५० टक्के, २ मिली. ५० टक्के म्हणजे १०० मिलीत ५० ग्रॅम, तर २ मिलीत १ ग्रॅम. झटक्यासाठी स्नायूत द्यायचे १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच. म्हणजे दहा अँप्युल, २० मिली, दोन सिरिंजमध्ये दहा-दहा मिली. मग मी अँप्युल फोडत गेले आणि त्या मोजत गेल्या. फोडलेले रिकामे अँप्युल फेकायचे नाहीत, ट्रेमध्ये ओळीने ठेवायचे, म्हणजे शेवटी मोजता येतात. दहा भरले तेव्हाच सुई टोचली.

पुढे उपकेंद्रांवर एएनएम मुलींना, म्हणजे तिथल्या नर्सना, मी हेच शिकवलं. पहिला डोस देऊन बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवायचं काम त्यांच्याकडे असतं, आणि तिथे विचारायला दुसरं कोणी नसतं. दहाचा आकडा बघून घाबरलेली मुलगी दोनच देईल आणि बाई वाटेत पुन्हा झटक्यात जाईल, ही भीती मला कायम वाटायची. आणि पुढचा डोस देण्याआधी गुडघ्यावर ठोकून पाय उडतो का ते, श्वास आणि लघवी बघायचीच. मॅगसल्फवरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी हवं.

बीएस्सी दुसरं वर्ष, कोल्हापूर

माझा अनुभव घरातला आहे, चालेल ना?

आत्याला इन्सुलिन चालू. सकाळी २० युनिट. महिनाभर साखर उतरेना, आत्या म्हणे पथ्य पाळतेय, घरातले म्हणत चोरून गोड खातेस. वाद व्हायचे. सुट्टीत गेले तेव्हा तिला टोचून घेताना पाहिलं आणि सिरिंजच्या टोपीवर नजर गेली. केशरी. व्हायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, मात्र ४० युनिटची.

आपल्याकडे व्हायल सहसा १ मिलीला ४० युनिटची येते, तिच्या सिरिंजला लाल टोपी असते. केशरी टोपीची सिरिंज १ मिलीला १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. दुकानदाराने हाताला येईल ती दिली होती, तिने घेतली. केशरी सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत भरलं की ०.२ मिली येतं. ४० युनिटच्या इन्सुलिनमधले ०.२ मिली म्हणजे ८ युनिट. बिचारी महिनाभर वीसच्या जागी आठ घेत होती, वर बोलणी खात होती.

शंभर भागिले चाळीस, अडीच. जुन्या लोकांना अडीचकी पाठ असायची, अडीचकीत आठाला वीस. उलटं झालं असतं, म्हणजे १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये, तर वीसच्या जागी पन्नास युनिट गेले असते. तो विचार आला की अजून काटा येतो. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून सांगितलं, कारण साखर उतरत नाही म्हणून पुढच्या भेटीत ते डोस वाढवणार होते. वाढवलेला डोस आणि बरोबर सिरिंज एकत्र आली असती तर? घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर आज टोपीचा रंग आणि व्हायलवरचा आकडा दोन्ही बघा.

जीएनएम दुसरं वर्ष, वर्धा

छोटंसंच. वॉर्डात सलाईनचा वेग ठरवणारे पंप नव्हते, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि थेंब. मिनिटभर मोजायला उभं राहिलं की कोणीतरी हाक मारतं आणि मोजणी तुटते. आमच्या वॉर्डातल्या मामांनी सांगितलं, पोरी, पंधरा सेकंद मोज आणि चौपट कर. ४२ हवेत तर पंधरा सेकंदांत दहा-अकरा. सेटच्या पाकिटावर २० लिहिलंय की १५ की ६० ते आधी वाचायचं. ६० चा मायक्रो सेट असेल तर गणितच नाही, तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब.

बीएस्सी अंतिम वर्ष, नाशिक

आयसीयूत मला सगळ्यात जड गेलं ते मायक्रोग्रॅम पर किलो पर मिनिट. तीन भानगडी एकदम: वजन, मिनिटाचा तास आणि हजाराची उडी.

ट्यूटर सरांनी हे गणित जिन्याच्या पायऱ्यांसारखं चढायला लावलं. डोपामिन (रक्तदाब वाढवायचं औषध) किलोला मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, पेशंट ६० किलोचा. पहिली पायरी, मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम. दुसरी, तासाला १८,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १८ मिलिग्रॅम. तिसरी, सिरिंजमध्ये २०० मिलिग्रॅम ५० मिलीत, म्हणजे मिलीला ४. अठरा भागिले चार, तासाला साडेचार मिली. प्रत्येक पायरीवर आकड्याशेजारी एकक लिहिलंच पाहिजे, नाहीतर सर वही परत करायचे.

आमच्याकडे भिंतीवर तक्ता आहे, वजन बघा, आकडा उचला. सीनियर म्हणतात तक्ता असताना गणित कशाला. मला हे पटत नाही. एकदा रात्री कोणीतरी ५० मिलीत ४०० मिलिग्रॅम भरलं होतं, डबल स्ट्रेंथ. तक्ता २०० चा. त्या तक्त्यातला प्रत्येक आकडा त्या सिरिंजसाठी दुप्पट डोस होता. लेबलवर ठळक लिहिलं होतं म्हणून कळलं.

नर्सिंगची विद्यार्थिनी, इंग्लंड (मूळची ठाण्याची)

इथे नोंदणीच्या नियमातच आहे की औषधांच्या गणिताच्या परीक्षेत १०० टक्के मिळाले तरच पास. नव्व्याण्णव म्हणजे नापास. ऐकलं तेव्हा जुलूम वाटला. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, बसच्या ड्रायव्हरने शंभरातली नव्व्याण्णव वळणं नीट घेतली तर तू त्या बसमध्ये बसशील का? त्यानंतर कुरकुर केली नाही.

आणखी एक शिस्त आवडली. मायक्रोग्रॅम आणि युनिट हे शब्द पूर्ण लिहायचे. युनिटचं नुसतं इंग्रजी अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात.

जीएनएम तिसरं वर्ष, जिल्हा लिहीत नाही

बराच वेळ लिहू की नको करत होते. माझी चूक प्रत्यक्ष पेशंटपर्यंत पोचली होती.

मुलगा ८ किलोचा, ताप. पॅरासिटामॉल किलोला १५, म्हणजे १२० मिलिग्रॅम. सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम, म्हणून ४.८ मिली. आदल्या दिवशी मी हेच काढलं होतं, सिस्टरनी तपासलं होतं, बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा, तोच डोस, मी तेच ४.८ मिली दिलं. बाटली ठेवताना लेबल दिसलं. ५ मिलीत २५०. स्टोअरमधून दुसरी बाटली आली होती. २.४ द्यायला हवं होतं, मी २४० मिलिग्रॅम दिलं होतं.

दोन-तीन मिनिटं मी बाटली धरून तशीच उभी होते. कोणालाच कळलं नव्हतं, कळलंही नसतं. मग सिस्टरकडे गेले. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी मुलाला तपासलं, पुढचा डोस थांबवला, लक्ष ठेवायला सांगितलं. मुलाला काही झालं नाही. रिपोर्ट लिहिला. त्याच्या आईला डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं, मी माफी मागितली. ती काही बोलली नाही, मुलाला छातीशी घेऊन बसली. संध्याकाळी मी औषध घेऊन गेले तेव्हा तिने माझ्या हातातली बाटली घेतली, लेबल निरखून पाहिलं आणि परत दिली. तिला वाचता येत होतं की नाही, मला माहीत नाही.

माझं गणित बरोबर होतं. ते कालच्या बाटलीचं होतं. तेव्हापासून मी डोस काढण्याआधी बाटली हातात घेते, रोज, तोच पेशंट असला तरी.

धागा सुरू करणारी

तिसऱ्या वर्षाच्या बाळा, तू लिहिलंस ते फार मोठं आहे. त्या दोन-तीन मिनिटांनंतर तू सिस्टरकडे गेलीस, हे मी माझ्या वर्गाला सांगणार आहे.

सोमवारी माझा तास आहे. आतापर्यंत मी फळ्यावर '१२५ मिलिग्रॅम, ५ मिली' लिहून द्यायचे आणि मुली पुढचं काढायच्या. म्हणजे लेबल वाचायचं काम मीच करून टाकत होते. या वेळी फळ्यावर फक्त मुलाचं वजन आणि डॉक्टरांची ऑर्डर असेल. टेबलावर दोन्ही ताकदींच्या सिरपच्या बाटल्या, १ मिलीला १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स, लाल आणि केशरी टोप्यांच्या सिरिंज आणि मॅगसल्फचे दहा रिकामे अँप्युल ठेवते. नंदुरबारच्या ताई, तुमची ओळीने ठेवायची पद्धत वापरते आहे. कसं झालं ते इथेच लिहीन.