बॅडमिंटन पुण्याचे, रस्सा ग्लासगोचा : मग जिंकले कोण?

ग्रंथपाल_निवृत्त (धागालेखक)
आमच्या सोसायटीच्या समूहावर रविवारी सकाळी एक मजकूर आला आणि दुपारपर्यंत त्याला चाळीस अंगठे मिळाले. मजकुराचा आशय असा : इंग्रजांनी आपल्यावर दीडशे वर्षे राज्य केले, आता आपण त्यांच्यावर करत आहोत, चिकन टिक्का मसाला हा त्यांचा राष्ट्रीय पदार्थ झाला, भारतीय वंशाचा गृहस्थ त्यांचा पंतप्रधान होऊन गेला, बॅडमिंटन तर आपल्या पुण्यातूनच गेले, तेव्हा सूड पूर्ण झाला. मी दोन ओळींची शंका काढली, तर 'काका, आनंद घ्या' असे मला सांगण्यात आले. तो घेता न आल्यामुळे येथे सविस्तर लिहितो.

ज्याला आपण प्रभाव म्हणतो, ती बहुतेक वेळा जेत्याने स्वतःच्या सोयीने केलेली निवड असते. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक २००१ मध्ये टिक्का मसाल्याला खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ म्हणाले, हे सगळे सांगतात. परंतु टिक्का भारतीय असून मसाल्याचा रस्सा ब्रिटिशांना मांसाबरोबर ग्रेव्ही लागते म्हणून जोडला गेला, हेही ते त्याच भाषणात म्हणाले होते, हे कोणी सांगत नाही. त्या रश्श्यावर ग्लासगोचे लोक हक्क सांगतात, ते उगाच नव्हे. आपल्या मॉडेल कॉलनीतील अय्यंगार गुरुजींचेच पाहा. विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांची व त्यांची भेट १९५२ मध्ये झाली, १९५४ मध्ये ते युरोपात गेले, आणि पुढे लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाने प्रौढांच्या वर्गांत योग शिकवण्यास मान्यता दिली, ती आसने व प्राणायाम यांपुरतीच, तत्त्वज्ञानात शिरायचे नाही या अटीवर. म्हणजे पाहुण्याला घरात घेतले, पण त्याचे देव उंबऱ्याबाहेर ठेवायला लावून.

मुलीकडे लंडनला असताना आम्ही एका 'इंडियन' उपाहारगृहात गेलो होतो. वाढणारा मुलगा बांगलादेशातील सिल्हेटचा होता. मी रश्श्याच्या गोडपणाबद्दल कुरकुर केली, तेव्हा तो हळूच म्हणाला की आम्ही हे खात नाही. आणि आतल्या दाराची फट दाखवली, तेथे कामगारांसाठी माशांचे कालवण शिजत होते. वास आमच्यापर्यंत येत होता, पण ते कालवण यादीत नव्हते.

लेस्टरनिवासी
आपल्या लेखी इंग्रज माणूस यादी हातात घेऊन बसला आहे आणि बाकीचे जग ताटे घेऊन उभे आहे. मी बावीस वर्षे लेस्टरमध्ये राहते. इदी अमीनने १९७२ मध्ये आशियाई लोकांना युगांडातून हाकलले, तेव्हा याच शहराच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात 'लेस्टरला येऊ नका' अशा अर्थाची जाहिरात दिली होती. लोक तरीही आले. आज बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी हे शहर स्वतःची म्हणून मिरवते. ही निवड कोणी केली, ते सांगावे. माझी शेजारीण सत्तरीची इंग्रज बाई आहे. ती परसात मेथी लावते आणि मी गोठवलेली मेथी आणली की मला बोलते. ती परक्यांची भाजी आहे, असे तिच्या मनातही येत नाही. मुरलेला प्रभाव हा असा असतो.

ग्रंथपाल_निवृत्त
मेथीने साम्राज्याचा हिशेब चुकता होत नाही. त्याच शेजारणीला १९४३ चा बंगालचा दुष्काळ ठाऊक आहे का, हे एकदा विचारून सांगावे.

पर्वतीचा_पायथा
मूळ प्रश्न शब्दांचा आहे आणि तोच सगळे विसरतात. इंग्रजीतला 'मॉंगूज' हा आपल्या मराठी 'मुंगूस'वरून गेलेला आहे. मागल्या महिन्यात पर्वतीच्या पायऱ्यांशेजारी मुंगूस आडवे गेले, तर माझी नात ओरडली, 'आजोबा, मॉंगूज!' मी तिला मुंगूस हा शब्द सांगितला, त्यावर तिने विचारले की हे मॉंगूजचे मराठी भाषांतर आहे का. आपण त्यांना शब्द दिला आणि त्यांनी तो आपल्याच नातवंडांना शुल्क घेऊन परत विकला. मराठी शाळांचे वर्ग ओस पडत असताना...

लेस्टरनिवासी
...असताना आपण पाव, बटाटा, साबण, चावी आणि पगार हे पोर्तुगीजांकडून घेतलेले शब्द बिनदिक्कत वापरतो. शब्द येतात आणि जातात. नातीला मराठी शाळेत घालण्यापासून आपल्याला इंग्रजांनी अडवले नव्हते.

प्रभात_रोड
तत्त्वचर्चा राहू द्या. बॅडमिंटनचे काय? त्या खेळाला आधी 'पूना' असेच म्हणत, त्याचे नियम येथील छावणीत बसवले गेले आणि मग तो ग्लॉस्टरशरच्या बॅडमिंटन हाउसचे नाव लावून जगभर गेला. हा पुण्याचा प्रभाव नव्हे तर काय?

मार्करचा_नातू
'पुण्याचा' म्हणजे कोणाचा, एवढेच विचारण्यासाठी लिहितो. फूल (म्हणजे शटल) व फळी घेऊन खेळणे युरोपात आधीपासून होते. छावणीतील अधिकाऱ्यांनी मध्ये जाळी बांधली. त्यात पुण्याची जमीन होती, हवा होती. माणसे कोठे होती, ते मी सांगतो.

माझे आजोबा कॅम्पातील एका जिमखान्यात मार्कर होते. साहेबाला जोडीदार मिळाला नाही की समोर उभे राहायचे, फुले गोळा करायची, रेषा आखायच्या. शटलला ते शेवटपर्यंत फूलच म्हणत. वाकडे झालेले पीस चहाच्या किटलीच्या वाफेवर धरायचे आणि ओल्या बोटांनी सरळ करायचे, हे त्यांनी मलाही शिकवले. त्यांच्या अंगठ्याच्या कडेची कातडी वाफेने कायमची गुळगुळीत झाली होती. त्यांना बूट घालून मैदानात उतरण्याची परवानगी नव्हती, म्हणून अनवाणी पायांनी आवाज न करता जाळीपाशी सरकायचे आणि फूल पलीकडे अलगद सोडायचे, असा एक फटका त्यांनी बसवला. एक मेजर त्या फटक्यावर आठवडाभर हरत राहिला आणि मग तोच शिकून विलायतेला गेला. जिमखान्याच्या फळीवर मेजरचे नाव सोनेरी अक्षरांत आहे. जमाखर्चाच्या वहीत आजोबा 'फुले, दिवाबत्ती व पोरगा' या खात्यावर आहेत.

तेव्हा प्रभात रोडांनी अभिमान जरा बेताने बाळगावा, आणि ग्रंथपालांनीही 'जेत्याची निवड' हा शब्द बेताने वापरावा. मेजरने काही निवडले नव्हते. तो हरला, म्हणून शिकला.

पणजीहून_पुण्यात
सर्वांना जगात एकच साम्राज्य दिसते, याचे नवल वाटते. नेपोलियनच्या सैन्याला घाबरून पोर्तुगालचा दरबार १८०८ मध्ये ब्राझीलमधील रिओला पोहोचला आणि वसाहतच साम्राज्याची राजधानी झाली. पोर्तुगीजभाषी देशांच्या १९९० च्या लेखनकराराने तर पोर्तुगालमधील मुलांना शब्दांतली अनुच्चारित अक्षरे गाळायला लावली, कारण ब्राझीलमध्ये ती आधीच गळलेली होती. लिस्बनचे कित्येक लेखक अजून दात-ओठ खातात. येथे जेत्याला कोणी विचारले होते?

ग्रंथपाल_निवृत्त
हे उदाहरण चांगले आहे, हे मान्य करावे लागते, पण ते गैरलागू आहे. ब्राझील म्हणजे पोर्तुगालचाच वाढलेला लेक. लेकाने बापाचे शुद्धलेखन तपासले, याला वसाहतीचा विजय म्हणत नाहीत.

पणजीहून_पुण्यात
२०२२ च्या जनगणनेत ब्राझीलच्या निम्म्याहून अधिक लोकांनी स्वतःला मिश्रवंशीय किंवा कृष्णवर्णीय म्हटले आहे. कोणाचा लेक, कोणाचा बाप, हे ग्रंथालयात बसून ठरवू नये.

प्रभात_रोड
मार्कर साहेबांची गोष्ट हृद्य आहे, पण एका फटक्याने इतिहास होत नाही.

मार्करचा_नातू
मग क्रिकेटमधील पळवणकर बाळूंचे घ्या. ते पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी लोटत आणि सरावाच्या जाळीत जे. जी. ग्रेग यांना तासन् तास गोलंदाजी टाकत. आपल्याला बाद केल्यास ग्रेग त्यांना आठ आणे देत, असे सांगतात. त्या काळचा तो नामांकित फलंदाज फिरकी खेळायला ज्याच्या हातावर शिकला, तो हात चर्मकाराचा होता. पुढे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले.

प्रभात_रोड
येथे जात आणण्याचे कारण समजले नाही. विषय इंग्रजांचा आहे.

मार्करचा_नातू
कारण सांगतो. जाळीत त्यांचा चेंडू खेळणारे इंग्रज होते. पण पुण्याच्या हिंदू संघात खेळताना त्यांना चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देणारे इंग्रज नव्हते. 'आपण त्यांच्यावर प्रभाव टाकला' या वाक्यातील 'आपण' कोण, हे कोणी तरी विचारायलाच हवे. विजयाचा मजकूर पुढे पाठवताना बाळू आपले होतात आणि चहाच्या वेळी होत नाहीत, असे कसे चालेल?

प्रभात_रोड
आपला सूर व्यक्तिगत होत आहे. मी कोणाला चहा नाकारलेला नाही. माझ्याकडून पूर्णविराम.

लेस्टरनिवासी
ग्रंथपाल काका, शेजारणीला विचारले. बंगालच्या दुष्काळाचे नावही तिने ऐकलेले नव्हते. हा गुण आपला. पण नंतर अर्धा तास तिने मलाच खोदून खोदून विचारले, आणि मला तारखेपलीकडे फारसे सांगता आले नाही.

ग्रंथपाल_निवृत्त
आपण प्रामाणिकपणे सांगितलेत, म्हणून मीही सांगतो. वाफेवर पीस धरणारे हात माझ्या मांडणीत कोठेच नव्हते. मी जेता आणि जित असे दोनच खण केले होते, आणि अनवाणी सरकणारा मार्कर त्या दोहोंत बसत नाही. 'बहुतेक वेळा' हे शब्द मी आधीच घातले होते, हे मात्र नम्रपणे दाखवून देतो. टिक्का मसाल्याबद्दल एक अक्षरही मागे घेत नाही.

मार्करचा_नातू
न घ्यावे. आजोबांनाही तो आवडला नसता.

पर्वतीचा_पायथा
माझ्या मुंगसाचे काय झाले, ते कोणीच बोलले नाही.