वाकडा कट आणि कानस
कानस मारूनही इलेक्ट्रिक चेनसॉ तिरकी कापते, म्हणून नवी चेन घ्यायची म्हणताय? थांबा जरा. आधी प्लग काढा आणि डाव्या-उजव्या दातांची लांबी ताडून बघा. हात एका बाजूला जड पडतोच, माझाही पडायचा. सगळ्यात आखूड दात शोधून बाकीचे त्याच्या मापाला आणा. ३/८ इंची लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या) चेनला ४ मिमीची गोल कानस, साधारण ३० अंशांत. दाब फक्त पुढे ढकलताना, परत येताना कानस उचलायची. पिठासारखा भुसा थांबून ढलप्या पडू लागल्या की जमलं.

तरीही बदलायचीच असेल तर नुसती बारची (चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीची) लांबी सांगून चेन आणू नका. पिच (कड्यांमधलं अंतर), ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची, संख्या आणि त्यांची जाडी म्हणजे गेज, तिन्ही जुळायला हवं. मी एकदा लिंक न मोजता आणली, बसलीच नाही!